कोटाच्या आतल्या खिशातली मोहनमाळ

ती फिर्याद माझ्याकडे आली तो दिवस अजून लख्ख आठवतो. या प्रकरणाचे कागद अपुरे होते, आणि एका जागी खोटेही. राहिलेलं आता लिहितो. नाव कुणाचंच घेणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दक्षिण दिल्लीतल्या एका ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो. हद्दीत केंद्र सरकारी नोकरांच्या वसाहती होत्या. अशाच एका वसाहतीतलं मराठी जोडपं ठाण्यात आलं. साहेब मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, बाईही नोकरीला. मी मराठी आहे हे कळल्यावर बाईंना रडू आवरेना.

"भाऊ, माझी मोहनमाळ आणि पाटल्या गेल्या हो. आईने घातलेल्या. परवा लग्न आहे म्हणून बघायला गेले तर नाहीत."

"कुठे ठेवल्या होत्या?"

त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. "कपाटात."

तो एक क्षण माझ्या लक्षात आला होता. मी पुढे विचारलं नाही. आपल्या माणसांचं काम, लवकर करून दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

कुलूप तुटलेलं नव्हतं. म्हणजे चावी असलेला माणूस. खबरही लगेच आली. वसाहतीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी स्वतः ठाण्यात येऊन म्हणाले, "चावी तो प्रेसवाले के पास ही रहती है जी."

हे खरं होतं. दोघं नोकरीला असलेल्या घरांत चावी इस्त्रीवाल्याकडे ठेवायची पद्धत होती. ब्लॉकच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली त्याचं टेबल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो तिथेच. कामवाली आली की चावी द्यायची, गेली की परत घ्यायची, इस्त्रीचे कपडे स्वतः घरात नेऊन ठेवायचे. सगळ्या ब्लॉकचा त्याच्यावर विश्वास होता. त्याच विश्वासाने तो अडकला.

जीप थेट त्याच्या टेबलापाशी नेली. भर सकाळी, लोक ऑफिसला निघायच्या वेळी. इस्त्रीतले निखारे तसेच राहिले. कुणाची तरी अर्धी झालेली साडी टेबलावर होती. ती तेवढी पुरी करू दे म्हणाला. मी करू दिली नाही.

चौकशी मीच केली. पहिल्या दिवशी तो एकच सांगत होता, "साहब, मैं अलमारी को हाथ नहीं लगाता. कपड़े पलंग पर रखता हूँ." दुसऱ्या दिवशी मी हात उचलला. फक्त माझाच हात होता असं नाही, पण माझाही होता. संध्याकाळी त्याने कबुली दिली. माल फरीदाबादच्या एका सोनाराला विकला, म्हणाला. ठाण्याचे प्रमुख, आमचे एसएचओ साहेब, त्यांनी माझी पाठ थोपटली.

आम्ही त्याला घेऊन फरीदाबादला गेलो. तो एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत नेत राहिला. शेवटी रस्त्यातच बसला. "साहब, दुकान है ही नहीं. आप मार रहे थे, कुछ तो बोलना था."

एसएचओंचं म्हणणं पडलं, पक्का आहे, आणखी धरा. मला मात्र पहिल्यांदा शंका आली. कबुली घटनास्थळाशी जुळते का हे तरी पाहावं म्हणून मी एकटाच त्या घरी गेलो.

"वहिनी, नेमक्या कुठल्या कप्प्यातून गेलं ते दाखवा."

बाई कपाटापुढे उभ्या राहिल्या. हात वरच्या कप्प्याकडे गेला, मग खालच्या. साहेब वैतागले. "अगं, तूच ठेवलंस ना? मग सांग की!"

तेवढ्यात मला टांगलेल्या कोटांपैकी एकाच्या काजात पिन केलेली कापडी चिठ्ठी दिसली. ड्रायक्लीनरचा नंबर. कोट जुना होता, लग्नातला असावा.

"हा धुवायला कधी दिला होतात?"

"मार्चमध्ये," साहेब म्हणाले. "ही माहेरी गेली होती ना, तेव्हा सगळे गरम कपडे एकदम टाकून आलो. म्हटलं हाही धुऊन होऊ दे, किती वर्षं पडलाय."

बाई कोटाकडे वळल्या. "तुम्ही हा दिलात? हा तर तुम्हाला होतही नाही!"

मग सगळं बाहेर आलं. साहेब धाकट्या भावाच्या धंद्यासाठी ते सोनं मागत होते. म्हणून बाईंनी ते त्यांच्याच कोटाच्या आतल्या खिशात दडवलं होतं. नवरा जिथे कधी हात घालणार नाही अशी घरातली ती एकच जागा. नवऱ्यासमोर हे सांगता येईना, म्हणून पोलिसांना सांगितलं, कपाटात.

ड्रायक्लीनर मार्केटमध्येच होता. म्हातारे लालाजी. मी विचारताच त्यांनी तिजोरी उघडली आणि रुमालात बांधलेली मोहनमाळ आणि पाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. कपडे धुलाईला टाकण्याआधी कारीगर सगळे खिसे रिकामे करतात, तेव्हाच सापडल्या होत्या.

मी ओरडलोच. "इतने महीने चुप बैठे रहे?"

"तो क्या करता जी? मर्द के कोट में जनाना ज़ेवर! हमारे धंधे का उसूल है, जेब से जो निकले वो कोट वाले के हाथ में, और अकेले में. एक बार मैंने किसी की मेमसाहब को सिनेमा की दो टिकटें पकड़ा दीं. वो घर आज तक नहीं बसा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहब कोट लेने आए तो साथ में साले साहब खड़े थे. मैंने इशारा भी किया, जनाब, कुछ और तो नहीं भूल रहे? बोले, नहीं नहीं, जल्दी करो. अब साले के सामने कैसे निकालता? सोचा, अकेले आएँगे तब दूँगा."

लालाजी खोटं बोलत नव्हते. उलट त्यांनी एक घर सांभाळलं असं त्यांना वाटत होतं.

दागिने घरी नेऊन दिले तेव्हा साहेबांनी हात जोडले. घरातली गोष्ट कागदावर नको. त्यांनी अर्ज दिला की दागिने घरातच सापडले, तक्रार नाही. एसएचओंना तेच हवं होतं, कारण कबुली कशी मिळवली हे मग कुणी विचारणार नव्हतं. इस्त्रीवाल्याला मागच्या दाराने सोडलं.

तो दारात थांबला. "साहब, एक काम कर दो. एक बार मेरी मेज़ तक चलो, वर्दी में. कुछ बोलना मत, बस साथ खड़े रहना. लोग देख लें."

"कल आता हूँ," मी म्हणालो.

मी गेलो नाही. वर्दीत त्याच्याशेजारी उभं राहायचं म्हणजे आम्ही चुकलो हे सगळ्या ब्लॉकला सांगायचं. ते मला जमलं नाही. काही दिवसांनी असोसिएशनच्या बैठकीला बंदोबस्ताबद्दल बोलायला गेलो, तेव्हा सेक्रेटरी हसत म्हणाले, "मान गए जी! डंडा पड़ा तो चुपचाप माल वापस रख गया." दागिने घरात सापडले आणि माणूस सुटला, याचा लोकांनी लावलेला अर्थ तो होता. मी समोरचा चहा प्यालो. नाही म्हणालो नाही.

पुढच्या महिन्यात कडुनिंबाखाली दुसऱ्याचं टेबल होतं. तो बायकोमुलांना घेऊन नोएडाच्या बाजूला गेला, एवढंच कळलं. मी दोनदा शोधायला गेलो, दोन्ही वेळा साध्या कपड्यांत. सापडला नाही.

या प्रकरणाने मला कबुलीवर भरवसा ठेवायचा नाही हे शिकवलं, पण ते कुठलाही जुना हवालदार शिकवतो. खरी गोष्ट वेगळी. पकडताना आम्ही माणसाला चारचौघांत पकडतो आणि सोडताना कागदावर सोडतो. त्याचे शेजारी तो कागद वाचत नाहीत. पुढे माझ्या हातात ठाणं आलं तेव्हा चुकून आणलेल्या माणसाला मी जीपमधून, दिवसाउजेडी, त्याच्या दारापर्यंत नेऊन सोडायचो. सहकारी हसायचे. किती लोकांना त्याचा उपयोग झाला माहीत नाही. ज्याने ते मागितलं होतं त्याला झाला नाही.

त्या ब्लॉकमध्ये तेव्हा राहणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहितो. तुमच्या इस्त्रीवाल्याने काही चोरलं नव्हतं आणि काही परतही ठेवलं नव्हतं. कपाटाला त्याने कधी हातच लावला नव्हता. हे मला त्याच आठवड्यात माहीत होतं.