नकाशात नसलेली हद्द

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या मुरुडकडं गुलाल एवढा उधळला की पांढऱ्या बैलांना त्यांच्या आयांनी ओळखलं नाही. पाऊस मात्र नव्या जिल्ह्यात यायचं विसरला. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीतली कासवं घाम पुसत बसली.

मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होतो. सर्वेक्षणाच्या वर्गातला आमच्या भागाचा नकाशा मागून आणला, अंगणात पसरला. वडलांना, म्हणजे अप्पांना, सांगितलं, या तपकिरी रेषा दाटीनं जवळ आल्या की तिथं खोल घळ. ओढा घळीत वळत असला तर डोह टिकतो. गायरानाच्या पश्चिम टोकाला तशी एकच जागा होती.

"पाणी हाय का नुसता रंग?" अप्पा म्हणाले. पण गाय गाभण होती आणि दोन्ही बैल उठताना गुडघे टेकत होते. सकाळीच जनावरं घेऊन निघालो.

डोह होता. अंगणाएवढा, हिरवट. काठावर पलीकडच्या गावचा म्हातारा काठी आडवी धरून उभा. म्हणाला, ही कड उस्मानाबादची. जिल्हा येगळा मागून घेतला, आता पाणीबी तिकडंच मागा.

मी नकाशा उलगडला. म्हणालो, मामा, हा थेट दिल्लीहून आलाय, ह्यात हद्द दाखवा. दिसणार कशी? नकाशा जिल्ह्यापेक्षा वयानं थोरला. तेवढं सांगायचं राहिलं. म्हाताऱ्यानं स्वतःचं गाव कुठं ते विचारलं. मी त्याचं बोट धरून गावावर ठेवलं. भोवती निळ्या रेषाच रेषा, सगळ्या उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या ओढ्यांच्या.

"हे समदं पाणी?"

"हाव."

"आमच्या गावाला?"

बराच वेळ त्यानं बोट उचललं नाही. मग काठी खाली घेतली. "पाजा. तळ दिसू देऊ नका. आमचीबी यायचीत."

गाय प्याली. बैलांनी तोंड घातलं आणि काठावरची पाण्याची रेघ खाली सरकू लागली. अप्पांनी वेसण ओढली. बैल हलेनात. अप्पांनी त्यांच्या मानेवरून हात फिरवला, पुन्हा ओढली. परतताना एका बैलानं गायरानात गुडघे टेकले ते शेवटचेच.

गाय व्याली तेव्हा अप्पांनी चिकाचा डबा देऊन मला म्हाताऱ्याकडं पाठवलं. डोह आटला होता. त्यानं चीक घरात नेला, डबा तसाच खरकटा आणून दिला. धुवायला पाणी नव्हतं. देताना माझ्याकडं बघत नव्हता.