दारावरचा फिकट चौकोन

फ्लॅटच्या दारावर जुनी पाटी काढल्याची खूण होती. लाकडावर एक फिकट चौकोन आणि स्क्रूची चार भोकं. एजंट किल्ली शोधत होता, तोवर मी त्या चौकोनाच्या लांबीवरून आधीच्या मालकाच्या आडनावाचा अंदाज बांधत होतो.

"बिल्डिंग कॉस्मो आहे, सगळ्या जातीधर्माचे लोक राहतात," एजंट जिन्यातच म्हणाला होता. मग आवाज खाली आणून, "पण तुमच्या मजल्यावर आपलीच माणसं." त्याने मला फक्त आडनाव विचारलं होतं. तेवढ्यावरून माझी माणसं कोण हे त्याला कसं कळलं, हे मी विचारलं नाही. ऐकून बरं वाटलं होतं, हे खरं.

आत मी खिडक्या, नळ काहीच नीट पाहिलं नाही. स्वयंपाकघरात उभा राहून वास घेत होतो. भिंतींना नवा रंग होता, तो कशासाठी दिला असेल याचाही संशय आला. घर घेताना आपण कार्पेट एरिया विचारतो, पण मनात घोळत असतं, शेजारी कोण. ते उघड विचारायची लाज वाटते, म्हणून भिंती हुंगाव्या लागतात.

बाहेर पडताना समोरचं दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक बाई मला चपलांपासून कपाळापर्यंत न्याहाळत होत्या. मी त्यांची पाटी वाचली. आडनाव आमच्यातलं नव्हतं.

"कोण येतंय राहायला?" त्यांनी एजंटला विचारलं.

त्याने आवाज खाली आणला. "काळजी करू नका, काकी. आपलीच माणसं आहेत."

त्यांनाही बरं वाटलं असावं. साखळी मात्र त्यांनी काढली नाही.