टेलरमावशींचा वर गेलेला हात

लहानसहान भांडणांसाठी लोकांनी शहरातल्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला नकोत, म्हणून गावोगाव न्याय समित्या आल्या. आमच्या समितीत एक जागा बाईसाठी होती. ती टेलरमावशींना मिळाली. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान. दातांत टाचण्या धरून त्या गावभरची गाऱ्हाणी ऐकायच्या आणि ऐकलेलं पोटात ठेवायच्या. म्हणून बायकांनी त्यांनाच निवडून दिलं.

अध्यक्ष होते रिटायर्ड हेडमास्तर. मावशी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. ते त्यांना अजून 'बाळ' म्हणायचे, आणि मावशी त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसायच्या.

पहिल्याच वर्षी सुताराच्या विधवेची तक्रार आली. नवरा गेल्यावर दिरानं तिचा संसार मागच्या पडवीत काढला होता.

"दोघा भावांनी मिळून बांधलंय ते घर," ती म्हणाली. "मला माझा वाटा हवा."

"वहिनीला आम्ही उपाशी ठेवलंय का?" दीर म्हणाला.

समितीचं एकमत झालं तर निकाल पक्का; एकानं जरी विरोध केला तरी प्रकरण वर, कोर्टात. कायदा विधवेच्या बाजूनं होता. प्रशिक्षणात मावशींनी ते कान देऊन ऐकलं होतं.

हेडमास्तरांनी निकाल मांडला: पडवी तिची, घर दिराचं. बाकीच्यांचे हात वर झाले.

"सर, पण तिचा हिस्सा..."

"बाळ, आपण घरं सांधायला बसलोय, फोडायला नाही."

मावशींचाही हात वर गेला. निकाल एकमतानं पक्का झाला.

पावसाळ्यात पडवी गळायला लागली. दिरानं छपराला हात लावला नाही, तशी ती लेकीकडे शहरात निघून गेली.

पुढं मावशी हेडमास्तरांनाही अडवू लागल्या. प्रत्येक गोष्टीला फाटे फोडते, असं त्यांचं नाव झालं. दोघीतिघींना त्यामुळं हिस्सेही मिळाले. पण सुतारीणबाईचा निकाल आता कुणालाच फिरवता येत नव्हता.

शहरात कापड आणायला गेल्या तेव्हा मावशी मुद्दाम तिच्याकडे गेल्या. दाराजवळच्या अरुंद कॉटवर ती जावयाच्या शर्टांच्या घड्या घालत होती.

"माझ्यामुळं झालं हे," मावशी म्हणाल्या. "मी नको म्हटलं असतं तर..."

"मी तेव्हा तुमच्याकडंच बघत होते," ती शांतपणे म्हणाली. "बाकीच्यांची मला आशाच नव्हती."

मग कपडे बाजूला सारून तिनं त्यांना बसायला जागा केली, चहा टाकला. चहा संपेपर्यंत दोघी गावातल्या माणसांबद्दल बोलत राहिल्या. घराचा विषय कुणीच काढला नाही.