पोरीच्या निबंधात सगळं खानदान

आमच्या घरात इंग्रजी येणारा माणूस मी एकटाच, आणि हे ठरवलंही मी एकट्यानंच.

नालवाडीत आमचं भाजीचं दुकान आहे. माझ्या लेकीला, रेवतीला, बंगलोरच्या एका कॉलेजात शेतीचं शिक्षण घ्यायचं होतं. निबंध आवडला तर फी माफ, नाहीतर स्वप्न माफ! विषय होता, स्वतःविषयी सांगा, इंग्रजीत. रेवतीनं लिहून दाखवल्यावर तिच्या शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "वाक्यं चांगली आहेत, पण सुटी सुटी वाटतात. एकातून दुसरं निघालं पाहिजे." आणि निबंध त्याच संध्याकाळी जायचा होता.

"मी आहो न!" मी म्हणालो. (इथंच कोणीतरी मला धरायला हवं होतं.)

मी तिचा लॅपटॉप ओढला आणि दर दोन वाक्यांमध्ये एक 'मोरोव्हर', म्हणजे 'शिवाय', बसवला. निबंध कसा भारदस्त दिसू लागला! तेवढ्यात दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, डोकावले. "पोरीले रोज गाडीवर शाळेत म्या सोडलं. माह्यं नाव काऊन नाई यात?" घातलं. मोरोव्हर, दादा! मग वहिनी, रेवतीची मोठीआई. मग दादांच्या तळेगावच्या जावयांचा फोन, "आमाले वगळलं म्हणे?" आमच्याकडे लग्नपत्रिकेत नाव राहिलं तर माणूस पुढच्या लग्नापर्यंत बोलत नाही. मोरोव्हर, जावई! शेवटी वर मधोमध केळझरच्या गणपतीला प्रसन्न केलं, आणि खाली 'आपले विनीत' म्हणून सगळ्यांची नावं टाकली.

रेवतीनं वाचलं. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंदानं!

"बाबा, यात मी कुठी आहो?"

मी वरपासून खालपर्यंत शोधलं, कुठंच नव्हती. पोरीच्या शिक्षणाची मी लग्नपत्रिका करून ठेवली होती.

वहिनींनी तिला जवळ ओढलं. "राहू दे ते. मले तोंडानं सांग, तुले हे काऊन शिकाचं हाय?"

"दुकानात टमाटे सडतात म्हणून."

"मंग?"

"मंग बाबा ते गाईले टाकतात."

"मंग तुले काय वाटते?"

"वाईट वाटते न, मोठीआई! इतक्या मेहनतीचं पीक. ते टिकलं पाह्यजे."

"मंग टिकवाचं कसं?"

"तेच तर मले शिकाचं हाय!"

वहिनी 'मंग?' विचारत गेल्या, रेवती सांगत गेली, आणि सांगितलं तसंच इंग्रजीत लिहीत गेली. एकही मोरोव्हर नाही, तरी वाक्याला वाक्य लागून आलेलं. दिवेलागणीच्या आत निबंध गेला.

आणि निवड झाली हो, फीही माफ! कॉलेजनं कळवलं, वाचताना मुलगी समोर बसून बोलतेय असं वाटलं. मला भरून आलं. वहिनी नसत्या तर माझ्या हुशारीनं पोरीचं वर्ष बुडालंच होतं. वहिनींचे, मॅडमांचे, त्या कॉलेजवाल्यांचे, कोणाकोणाचे उपकार मानू असं झालं.

"आभाराचं पत्र तरी मी लिहितो," मी डोळे पुसत म्हणालो.

रेवतीनं लॅपटॉप उचलून वहिनींच्या मांडीवर ठेवला. वहिनींनी त्यावर पदर टाकला. सगळ्यांचे आभार मला मराठीत मानावे लागले, तेही तोंडी!