मैनाला स्थळ बघताना

कॉलनीवाल्यांनी डुकरीण हलवायला सांगितली, तशी हौसाक्का रुसून बसली. बाटलीनं दूध पाजलेली मैना आता दाराला अडकायची, पण आक्काच्या लेखी तान्हीच.

शेवटी तिनं मैनासाठी चांगलं घर शोधायला घेतलं. बघायला आलेल्या पहिल्या पावण्यानं विचारलं, "वजन किती भरंल?"

"तुझ्या अकलेपेक्षा जास्तच," म्हणत आक्कानं त्याला वाटेला लावलं.

मग शिरोळची क्रांती आली. तिनं आधीच दोन डुकरं हौसेनं पाळलेली. ती म्हणाली, "मावशी, हिला भ्या कशाचं वाटतं?"

"फटाक्याचं. आन् पूर आला की कुठं न्हेशील हिला?"

"माळावर, मामाच्या गोठ्यात."

लेक द्यायची तर घर बघायलाच पायजे. आक्का शिरोळला गेली, कुंपण हलवून बघितलं, मामाचा गोठाबी बघितला. मग म्हणाली, "दिली पोरगी. पंचमीला लेकी म्हायेरी येत्यात, हितं मीच येतो की."