त्रेचाळीस सह्यांचं पत्र

सोमवारी सकाळी पिंगळी गावातल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात आम्ही तिघं होतो: मालक, शेजारचे मामा आणि मी. जलद गाडीला आमच्या स्टेशनात थांबा मिळावा म्हणून खासदारांना पत्र जायचं होतं. मजकूर मालकाचाच.

हा माणूस तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना कुणाशी बोलत नाही. शंका आली तर सगळे उलगडून पहिल्यापासून मोजतो. राजकारणात मात्र खासदारांचा कट्टर विरोधक. पत्राची सुरुवातच होती, ‘थांब्याविषयी आपण लोकसभेत कधीच प्रश्न विचारला नाही.’ खाली त्रेचाळीस सह्या होत्या.

मी विचारलं, “हे तपासलंय का?”

“भाऊ, टीव्हीवर रोज बघतो. तोंड उघडलं न्हाई त्यानं.”

“लेखी प्रश्न टीव्हीवर दिसत नाहीत.”

त्यानं मोबाइलवर लोकसभेचं संकेतस्थळ उघडलं आणि खासदारांचा एकेक प्रश्न वाचू लागला.

“पोस्ट बंद झाल्यावर पाठवता का?” मामा कुरकुरले.

“थांबा मामा, बघायलोय.”

अर्ध्या तासानं त्यानं मान वर केली. “विचारलाय की हो! उत्तर बी आलंय. रेल्वेला परवडत न्हाई म्हणं.”

“मग तेवढी ओळ खोडा.”

“न्हाई मामा. लोकायनं माझ्या शब्दावर सह्या केल्यात.”

त्यानं पत्र फाडलं, ‘का परवडत नाही, ते कळवावं’ असं नवं लिहिलं आणि मला घेऊन निघाला. आधी गेला तो खासदारांच्या कार्यकर्त्याकडे, ज्यानं पहिल्या पत्रावर सही नाकारली होती.

“माझं चुकलं,” तो दारातच म्हणाला.

नव्या पत्रावर पहिली सही त्या कार्यकर्त्याची आहे. दुसरी माझी.