शिंगवाल्या शेणकिड्याचे ठिकाण

आश्विनातल्या एका सकाळी मी जालन्याहून शहागडला निघालो, तेव्हा मांडीवर दिनूची पत्र्याची डबी होती. आत एकच मेलेला शेणकिडा. काळाभोर, सुपारीहून मोठा, डोक्यावर आखूड शिंग असलेला. दिनू माझा धाकटा भाऊ. शाळेत विज्ञान शिकवी आणि सुटीत असे किडे गोळा करी. हा किडा घेऊन तो अंगात ताप भरूनच घरी आला आणि आठवड्यात गेला. त्याच्या वहीत प्रत्येक किड्यापुढे नाव, कोणत्या जनावराचे शेण आणि ठिकाण, असे तीन रकाने आहेत. या एकापुढे तिन्ही कोरे. शहागडला जाऊन आलो, एवढेच तो म्हणाला होता. त्याचा शेवटचा धडधाकट दिवस नेमका कुठल्या जमिनीवर गेला, ते मला पाहायचे होते.

अंबडपर्यंत मोटार मिळाली, पुढे बैलगाडी. वाटेत चाक चिखलात रुतले. ढकलताना माझी वहाण तुटली.

शहागडला गोदावरी गढूळ आणि रुंद वाहत होती. गुरांमागून बायका पाट्या घेऊन चालत होत्या. शेण पडले की लगेच पाटीत. एकीला मी किडा दाखवला.

"किड्यासाठी शेण हुडकून राह्यले का मास्तर?" ती हसली. "हितं आमच्या चुलीला पुरंना. गायरानात जा, म्हातारबाकडं. त्याच्या म्हशीमागं कोणी जात न्हाई, लई शिव्या देतो."

म्हाताऱ्याने शिव्या दिल्या नाहीत. किडा तळहातावर उताणा करून त्याने बराच वेळ पाहिला.

"म्हशीच्या पोवाखालचा (पो म्हणजे शेणाचा थापा). बिलकुल तोच. खाली हातभर बीळ करतो."

"कुठे सापडेल, बाबा?"

"तीन जागी. हितं मुरमात, तिकडं काळ्या रानात, आन् खाली मळईत (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत). पायाच्या काट्यात माती ऱ्हाती, तिच्यावरून बराबर सांगतो. ह्याचे पाय कोणी धुतले?"

"मी."

"कामून?"

"भावाची शेवटची वस्तू. मळकी ठेवू नये, असं वाटलं."

त्याने किडा परत डबीत ठेवला. मग काठी उचलून म्हणाला, "चला, तिन्ही जागा दावतो."

मुरमात पो उलटून उकरले, तसाच शिंगवाला निघाला. काळ्या रानात निघाला. मळईतही निघाला. तिन्ही ठिकाणी मी गुडघे टेकून बसलो. एकाही जागी, दिनू इथे बसला होता, असे मनाला वाटले नाही.

"मंग, कोन्ती लिव्हता?" म्हाताऱ्याने विचारले.

मी गुडघ्यांवरची माती झटकली.

परतल्यावर वही उघडली. नाव आज ना उद्या कोणी जाणकार सांगेल. शेण म्हशीचे, ते लिहिले. ठिकाणाच्या रकान्यात नुसते 'शहागड' लिहिणे दिनूला चालले नसते. अशा नोंदी तो खोडून टाकी. ती जागा चिमूटभर का होईना, किड्याच्या पायांना चिकटून घरी आली होती. त्याच्या दहाव्याच्या दिवशी मी ती जुन्या टूथब्रशाने घासून काढली आणि तांब्याभर पाणी ओतून मोरीत घालवली. रकाना कोराच आहे.